ओट्याची उंची

ठेकेदाराचा फोन आला तेव्हा मी कुणा परक्या कुटुंबाच्या न्हाणीघरात खिडकी कुठे ठेवावी याचा विचार करत होते. एकतीस वर्षं माझा हाच धंदा आहे. आर्किटेक्टच्या ऑफिसात बसायचं आणि ज्यांची तोंडंही पाहिली नाहीत त्यांच्या घरांचे नकाशे काढायचे. आधी हाताने, आता पडद्यावर. ऑफिसात मला फूटपट्टी म्हणतात. समोर म्हणतात, त्यामुळे रागावताही येत नाही. एकतीस वर्षांत माझं एकही माप चुकलेलं नाही, ही गोष्ट मोठ्या साहेबांनी त्यांच्या निरोपसमारंभात सांगितली होती, आणि टाळ्याही पडल्या होत्या. तर ठेकेदार म्हणाला, "बाई, एक विचारायचं होतं. स्वयंपाकाच्या ओट्याची उंची तुम्ही चाळीस इंच लिहिलीय. चुकून झालंय ना?" मी म्हटलं, "चाळीस?" आणि ते जरा मोठ्यानेच म्हटलं असणार, कारण पलीकडच्या टेबलावरची मुलगी मान वर न करता म्हणाली, "ओटा चाळीस इंच? राहायला कोण जाणारेय, जिराफ?" सगळे हसले. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. मीही हसले. फोनवर ठेकेदार सांगत होता की उद्या सकाळी ओट्याचं काँक्रीट ओतायचंय, अकराच्या आत आकडा पक्का हवा, एकदा ओतलं की मग घण घेऊनच बसावं लागेल. मी म्हणणार होते, लिहिलंय तसं करा. ते तोंडात तयारच होतं. पण म्हणाले, "थांबा. काही ओतू नका. उद्या मीच येते." फोन ठेवला आणि न्हाणीघराच्या खिडकीकडे बघत बसले. ती खिडकी कुठे ठेवायची ते मला त्या दिवशी शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

जिराफ हा शब्द आमच्या घरचा होता, म्हणून तो लागला. लेक पाच वर्षांची असताना प्राणिसंग्रहालयातून आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिने जाहीर केलं की जिराफ पाणी पिताना बाबांसारखा उभा राहतो. खरंच तसा राहायचा तो. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरातला ओटा तीस इंचांचा, बहुधा कुणा ठेंगण्या घरमालकिणीच्या मापाने केलेला. आणि माझा नवरा सहा फूट दोन इंच. घरात स्वयंपाक तोच करायचा, कारण मी केलेला स्वयंपाक माझ्याच्याने खाववत नसे. दोन्ही पाय फाकवून, कमरेत वाकून, मान खाली घालून तो कांदा चिरायचा. दिवसभर दवाखान्यात तेच. दातांचा डॉक्टर. "माझा जन्म लोकांच्या तोंडात वाकून बघण्यात गेला," म्हणायचा, "आणि घरी येऊन कढईत वाकून बघतोय." संध्याकाळी तो फरशीवर उताणा पडायचा आणि लेक त्याच्या पोटावर बसून पुस्तक वाचायची, आणि तो छताकडे बघत म्हणायचा, बुटके, मला एक असं घर काढून दे ज्यात मला कुठेही वाकावं लागणार नाही. बुटकी म्हणजे मी. चार फूट दहा. मी त्याला उंट म्हणायचे. लग्नाच्या फोटोत मला खोक्यावर उभं केलं होतं, आणि ते खोकं लपवायला पुढे फुलांची कुंडी ठेवली होती. कुंडी थोडी डावीकडे सरकलीय, खोकं दिसतं. एवढ्या मोठ्या उंटाला त्या घरात कसं राहवत होतं कोण जाणे. तक्रार म्हणून त्याने कधी केली नाही, नुसती थट्टा करायचा. मला मात्र त्याची पाठ बघून चिडचिड व्हायची. जगाच्या ओट्यांची मापं मी काढायची आणि माझ्याच घरात माणूस दुमडलेला.

जागा घेतली तेव्हा लेक आठ वर्षांची होती. समुद्रकाठची, गावापासून दूर, जिथे रस्ता संपून वाळूची पायवाट सुरू होते तिथली. एका बाजूला सुरूची झाडं, दुसऱ्या बाजूला उंच गवत आणि त्यात सतत काहीतरी खुडबुडणारं, समोर उतार आणि पाणी. शेजारी कुणी नाही. आमचे सगळे नातेवाईक म्हणाले, तिथे काय भुतं राहणार? आम्ही दर एक-दोन महिन्यांनी जायचो, आणि एकदा मी हट्टाने दोरी, खुंट्या आणि मापाची टेप घेऊन गेले. सकाळभर खपून जमिनीवर अख्खं घर आखलं. ही पडवी, ही बसायची खोली, ही लेकीची, ही आमची, हे स्वयंपाकघर, खिडकी पाण्याकडे. आणि मग ठरवलं की संध्याकाळपर्यंत या घरात राहायचं. दारातूनच आत यायचं, दारातूनच बाहेर जायचं. लेक एकदा खेकड्यामागे धावताना सरळ भिंतीतून गेली, तर बापाने तिला ओरडून परत बोलावलं आणि दारातून जायला लावलं. खेकडा गेला. ती रडली, तर म्हणाला, आपल्या खोलीत जाऊन रड. ती खरंच दोरीवरून वळसा घालत, पॅसेजमधून, आपल्या खोलीत गेली आणि तिथे वाळूत बसून रडली. मग हसायला लागली.

त्या दिवशी त्याने तिथे स्वयंपाक केला. स्टोव्ह आणला होता. कुठे ठेवू म्हणाला, तर मी म्हटलं, थांब, माप घेऊ दे. आमच्या कामात एक साधा हिशोब असतो: उभं राहून कोपर वाकवायचं, कोपरापासून चार इंच खाली ओटा. त्याचं कोपर चव्वेचाळीस इंचांवर होतं. मासळीवाल्यांची रिकामी खोकी किनाऱ्यावर पडली होती, ती एकावर एक रचून, खाली सपाट दगड घालून मी बरोबर चाळीस इंचांचा ओटा उभा केला. वर स्टोव्ह. तो त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. कढईत तेल घातलं, कांदा घातला, आणि एकदम थांबला. "अगं," म्हणाला, "मला मान आहे!" ताठ उभा होता. वाऱ्याने शर्ट फुगला होता. मी तोवर कधी त्याला काम करताना ताठ पाहिलंच नव्हतं. नऊ-दहा वर्षांचा संसार झाला होता आणि हा माणूस इतका उंच आहे हे मला तेव्हा कळलं. मासे करपले, कारण तो समुद्राकडेच बघत राहिला. आम्ही करपलेले मासे खाल्ले, दोरीच्या पडवीत बसून, आणि मला आठवतं की मला फार, अगदी फार बरं वाटत होतं, आणि त्याच वेळी भीतीही वाटत होती, कारण एवढं बरं वाटल्यावर पुढे काय असणार. उन्हं उतरल्यावर दोऱ्या गुंडाळल्या. लेक म्हणाली, घर मोडू नका ना. मी म्हटलं, कागदावर आहे माझ्या, जात नाही कुठे.

कागदावरच राहिलं ते. लेकीचं शिक्षण, त्याच्या आईचं आजारपण, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन, आणि नुसता आळससुद्धा. पण दर रविवारी सकाळी आम्ही टेबलावर ट्रेसिंग कागद पसरायचो. ऑफिसात सगळं पडद्यावर गेलं तरी हे घर मी हातानेच काढत होते. तो चहा घेऊन समोर बसायचा आणि खुसपटं काढायचा. इथे पुस्तकांना जागा नाही. इथे पाऊस आत येईल. बुटके, या खिडकीतून तुला फक्त आभाळ दिसेल, पाणी मला एकट्याला दिसणार का? मी पेन्सिलीची रेघ खोडायचे, पुन्हा काढायचे. सगळं पेन्सिलीत. शाई सगळ्यात शेवटी, एकदा ठरलं की. ट्रेसिंगवरची शाई खोडता येत नाही. ब्लेडने खरवडावी लागते, आणि खरवडलं की तिथे कागद खरखरीत होतो, कायमचा. असे वीसेक वर्षांचे रविवार. कुणी विचारलं की तुम्ही दोघं फिरायला कुठे जाता, तर खरं उत्तर हेच होतं, पण ते कुणाला सांगणार.

संध्याकाळी घरी आले आणि लेकीला फोन केला. ती दूर राहते, तिचं आपलं बरं चाललंय. ओट्याचं सांगितलं, थट्टेच्या सुरात, जिराफाची गंमत म्हणून. ती हसली नाही. "आई, ते बाबांचं माप आहे."

"हो. आधीच्या नकाशातलं राहून गेलं."

"तुझ्या हातून राहून गेलं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू निवृत्त झाल्यावर तिथे राहणार आहेस ना? तीन महिन्यांनी? एकटी?"

"म्हणजे काय. उगाच बांधतेय का?"

"मग तू त्या ओट्यावर काय करणार आहेस? स्टूलवर चढून चहा? पडलीस तर तिथे कुत्रंसुद्धा नाही विचारायला." मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "आई, मी सारखी विचारते आणि तू सारखी विषय बदलतेस. तुला खरंच तिथे राहायचंय का? की नुसतं बांधून पुरं करायचंय?" मी म्हटलं, दूध उतू जातंय, ठेवते. दूध फ्रिजमध्ये होतं. वेळ मारून नेण्यात माझा हात कुणी धरणार नाही. हे कसब मी आयुष्यभर वापरलं आहे. फोन ठेवला आणि त्याच तीस इंची ओट्याला टेकून उभी राहिले. गंमत म्हणजे तो ओटा मला अगदी बरोबर येतो, आणि तीसेक वर्षांत मी त्याच्यापुढे फारशी उभी राहिले नव्हते. लेकीचा प्रश्न खरा होता. मी त्या घराचा विचार हजारदा केला होता, पण त्यात मी एकटी कधीच नव्हते. दर वेळी तो ओट्यापाशी उभा, पाठ ताठ, आणि मी बाहेर पायरीवर बसून पाण्याकडे बघत त्याला काहीतरी ओरडून सांगतेय. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत मी त्या नकाशाला शाई चढवली, परवानगी काढली, पाया खणला, भिंती उभ्या केल्या, वर छप्परही घातलं, आणि पायरीवर बसलेली मी काही उठून आत गेले नाही. दारं साडेसात फुटी आहेत, ती असू देत. उंच दारांनी बुटक्या माणसाचं काही अडत नाही. ओट्याने अडतं. आत जाऊन उभं राहायचं, चहा करायचा, एका माणसाचा, हे त्या आकड्यावर अडलं होतं. चाळीस ठेवला तर ते घर त्याचं, आणि मी तिथे पाहुणी. कमी केला तर ते घर माझं, आणि तो कुठेच नाही. त्या रात्री मला झोप लागली, हे सांगायला लाज वाटते, पण लागली.

सकाळची पहिली बस. खिडकीशी बसले. शहर संपायला तासभर लागतो. आधी दुकानं विरळ होतात, मग नुसत्या भिंती, मग मोकळं. मी लेकीला म्हणाले होते, राहून गेलं. ते खोटं होतं, आणि बसमध्ये तोंड फिरवायला जागा नसल्यामुळे मला ते मान्य करावं लागलं. माझ्या हातून काही राहून जात नाही. तो आकडा मी लिहिला होता, कुठल्या दिवशी, कुठल्या पेनने, सगळं मला माहीत होतं. नकाशाला शाई चढवताना त्या कोपऱ्याशी आले की माझी नजर घसरायची, एवढंच. तो आकडा लिहिला त्या दिवशी त्याला बिछान्याला खिळून अडीच महिने झाले होते. फुप्फुसं. पलंग आम्ही खिडकीशी आणला होता आणि मी शेजारी टेबल लावून, रजा काढून, घराचा नकाशा करत बसायचे, कारण मग दोघांनाही एकमेकांकडे बघायला नको. तो फार वाळला होता. उंची मात्र तेवढीच. पाय पलंगाबाहेर यायचे, खाली उशी ठेवावी लागे. भर दुपार होती. रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं, नळीच्या पाण्याचा आवाज येत होता. तो म्हणाला, "बुटके, ओटा तुझ्या मापाचा कर."

मी मान वर केली नाही. म्हटलं, "आणि तू काय वाकणार?"

"माझं काय आता. तुझं कोपर किती इंचांवर येतं?"

"मला नाही माहीत." हे खरंच होतं. शेकड्यांनी लोकांची कोपरं हिशोबात धरली, स्वतःचं नाही.

"मग मोज. टेप दे इकडे. मी मोजतो." त्याने हात पुढे केला. दातांच्या डॉक्टरचे हात, लांब बोटं, ती आता टेप धरून थरथरली असती. "हे बघ, आपण जरा बोलू या का? तू तिथे एकटी…"

"गप्प बस," मी म्हणाले. ओरडलेच. "एक अक्षर बोलू नकोस." आणि मी शाईचं पेन उचललं. अख्ख्या कागदावर तोपर्यंत शाईचा एक ठिपका नव्हता. पेन उचललं आणि ओट्याच्या रेघेशी चाळीस लिहिलं, ठसठशीत, आणि कागद उचलून त्याच्या तोंडासमोर धरला. "बघ. शाईत आहे." तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "छान अक्षर आहे." आणि डोळे मिटून घेतले. दिवसभर लोकांना "आ करा" म्हणण्यात ज्याचा जन्म गेला, त्याचं तोंड मी असं बंद केलं. तो पुढे अठरा दिवस होता. औषधाचं बोललो, उशीचं बोललो, लेक कधी येणार ते बोललो. तो विषय त्याने पुन्हा काढला नाही. मला वाटलं होतं, मी जिंकले. आता बसमध्ये मला कळत होतं की त्याला ओट्याबद्दल बोलायचंच नव्हतं, म्हणजे होतं, पण तिथून सुरुवात करायची होती. मी बाकी कशाला घाबरून पळाले तरी इंचांपासून पळणार नाही, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने इंचांतून सुरुवात केली. पुढे काय सांगायचं होतं, कुणास ठाऊक. कदाचित काही विशेष नसेल. कदाचित पासबुकं कुठे आहेत एवढंच असेल. कदाचित त्यालाच भीती वाटत असेल आणि ती कुणाला तरी सांगायची असेल. मला आता ते कधीच कळणार नाही, आणि याला मीच जबाबदार आहे. शेजारच्या बाईने मला रुमाल दिला. मी तो परत करायला विसरले.

बस थांबते तिथून पंधरा मिनिटं चालत. सुरूची झाडं आता केवढीतरी झाली आहेत. त्यांच्या खाली सुया पडून पडून पाय न वाजता पडतो. मग एकदम वारा आणि पाणी आणि मधे आमचं घर, दारंखिडक्यांविना, करडं, ओल्या सिमेंटचा वास येणारं. गवतातून दोन लहान पक्षी उठले आणि आमच्या बसायच्या खोलीतून आरपार गेले. ठेकेदार पडवीत चहा पीत उभा होता. साठीचा, बोलायला सावकाश माणूस. याने माझ्या ऑफिसची कितीतरी घरं बांधली आहेत. "या बाई," म्हणाला. "मी म्हटलं, उगाच तोंडी काय बोलायचं. रचून ठेवलंय." स्वयंपाकघरात त्याने आणि गवंड्याने सुट्या विटा रचून बरोबर चाळीस इंचांवर फळी टाकली होती. मी जाऊन तिच्यापुढे उभी राहिले. फळी माझ्या छातीशी आली. दुकानाच्या काउंटरला लटकून गोळ्या मागणाऱ्या पोरीसारखी मी दिसत असणार. वर कढई असती तर मला आतलं काही दिसलं नसतं. गवंडी हसू दाबायला बाहेर बघत होता. ठेकेदार हसला नाही. म्हणाला, "मी आधी समजलो, चूक आहे. मग म्हटलं, तुमच्याकडून चूक होणार नाही, काहीतरी असेल मनात. एक करता येईल. खाली लाकडाची पायरी करून देतो, आठ इंचांची. ओटा चाळीस राहील, तुम्ही वर उभ्या राहाल. लोक करतात तसं."

मला ते एकदम पटलं. किती सोपं. चाळीस राहील, शाई राहील, मी खोक्यावर उभी राहीन, आणि पुढे कुंडी ठेवू. मी हो म्हणायला तोंड उघडलं. खिडकीतून पाणी दिसत होतं, भरतीचं, वर येत असलेलं. आणि मला वाटलं, ही मी पुन्हा तेच करतेय. माणूस हात पुढे करून टेप मागतोय आणि मी त्याला अक्षर दाखवतेय. मी ठेकेदाराला म्हटलं, "तुमची टेप आहे ना? जरा माझं कोपर मोजा." त्याने चहाचा पेला खिडकीत ठेवला. मी सरळ उभी राहिले, हात वाकवला. टेपचं थंड टोक पायापाशी गेलं. तो गुडघ्यावर बसून आकडा वाचत होता आणि मला हुंदका आला, तो मी आवरला नाही. एवढ्या वर्षांत माझं माप घ्यायला फक्त एकच माणूस पुढे आला होता.

"छत्तीस," ठेकेदार उठत म्हणाला.

"मग बत्तीस करा."

"नक्की ना बाई? घाई नाही. एकदा ओतलं की संपलं."

"नक्की. माझ्या नवऱ्यानेच सांगितलं होतं."

त्याने खिशातून नकाशाची घडी काढली, उलगडली, डोळ्यांजवळ धरली, लांब धरली. "मग इथे चाळीस कसं?"

"तो सांगत होता," मी म्हणाले, "मी त्याला बोलू दिलं नाही."

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, लेकीलाही नाही. ठेकेदाराने नकाशाची घडी घातली आणि खिशात ठेवली. गवंड्याने फळी उचलून भिंतीला टेकवली, आणि मी वरच्या थरातल्या विटा एकेक करून उतरवायला लागले.